गाडी बोगादीत, पावलं म्हैसुरात

अनोळखी शहरात गाडी घेऊन शिरायची सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे संध्याकाळचे सात. दिवसभर स्टिअरिंग धरून बाबांचे खांदे आखडलेले असतात, मागच्या सीटवर मुलांच्या भांडणाची तिसरी फेरी चालू असते, आजींना चहा हवा असतो आणि मोबाइलमधली बाई थंडपणे 'पुढे उजवीकडे वळा' सांगत असते. पुढे उजवीकडे नेमका वनवे! अशा वेळी जगातला सर्वांत देखणा राजवाडा समोर उभा राहिला, तरी बाबांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "आधी पार्किंग कुठं आहे ते बघा." सहलीतलं पहिलं खरं भांडण बहुधा याच वळणावर होतं. बिचाऱ्या शहराचा त्यात काहीही दोष नसतो.

म्हैसूर हे मराठी माणसाचं तसं जुनं सहलीचं ठिकाण. एके काळी तिथं यात्रा कंपनीच्या बसनंच जायचं. सकाळी राजवाडा, दुपारी चामुंडी टेकडी, संध्याकाळी वृंदावन गार्डनची रंगीत कारंजी, रात्री सामान आवरायचं आणि पहाटे बस उटीच्या वाटेला. घरी परतताना पिशवीत म्हैसूर पाक, चंदनाचा साबण आणि अल्बममध्ये लावायला नंदीसमोरचा फोटो. आता दारात चारचाकी आली, रस्ते रुंद झाले, पुण्याहून जवळपास नऊशे किलोमीटर गाडी हाकायची कुणाला फारशी धास्ती उरली नाही. गंमत अशी की, बस गेली, गाडी आली, पण यादी तीच राहिली! वेळापत्रक आपल्या हातात असूनही मंडळी गाइडच्या शिट्टीवर पळाल्यासारखी पळतात आणि म्हैसूर 'करून' येतात.

असं एक कुटुंब डोळ्यांपुढं आणा. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे, मुलगी कॉलेजात, मुलगा सातवीत, आणि गुडघ्यांची तक्रार असूनही 'मी येणारच' म्हणणाऱ्या आजी. हाताशी जेमतेम सहा-सात दिवस. यांना म्हैसूर कसं भेटावं?

पहिला प्रश्न रस्त्याचा. पुण्याहून निघून पहिला मुक्काम हुबळी-धारवाडला केला, की निम्मं अंतर मागं पडतं. पुढं चित्रदुर्ग ओलांडून हिरियूरला आलं, की बंगळूरचा महामार्ग सोडून दक्षिणेला उतरायचं. हुळियार, नागमंगला, पांडवपुरा करत हा रस्ता थेट श्रीरंगपट्टणला पोचतो. बंगळूरची वाहतूक टळते, नारळाच्या बागा आणि तळी दिसतात. ज्यांना बंगळूरहूनच जायचं असेल, त्यांच्यासाठी २०२३ च्या मार्चमध्ये उद्घाटन झालेला बंगळूर-म्हैसूर एक्स्प्रेसवे आहे. सुमारे एकशेवीस किलोमीटर, गाडी सुसाट. मात्र त्याच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे, त्यामुळे मोटारसायकलवर निघणाऱ्या पोरांनी हे आधी लक्षात घ्यावं. शिवाय तो गावांना बगल देऊन जातो. चन्नपट्टणची लाकडी खेळणी आणि मद्दूरचा वडा हवा असेल, तर मुद्दाम खाली उतरावं लागतं.

दुसरा प्रश्न घराघरांत दबक्या आवाजात विचारला जातो. 'एमएच' पासिंगची गाडी घेऊन कर्नाटकात जावं का? प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बस कंडक्टरच्या मारहाणीवरून दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या सीमेवर थांबल्या होत्या. तेव्हा निघण्याआधी दोन दिवस बातम्यांवर नजर ठेवावी आणि वातावरण तापलेलं असेल तर सहल आठवडाभर पुढं ढकलावी. पण हेही ध्यानात घ्यावं की सीमाभाग ओलांडल्यावर म्हैसूर शेकडो किलोमीटर लांब आहे. तिथं 'महाराष्ट्रातून आलोय' म्हटल्यावर समोरच्याला बेळगावच आठवेल असं मानायचं काही कारण नाही. शिर्डी आणि पंढरपूरसुद्धा आठवू शकतं.

तर मुक्काम कुठं? राजवाड्याच्या आसपास हॉटेलं भरपूर, पण गाडी लावायची पंचाईत आणि गर्दी. त्यापेक्षा शहराच्या पश्चिम टोकाचं बोगादी बरं. राजवाड्यापासून सहा-सात किलोमीटर. पूर्वीचं खेडं, आता घरं, अपार्टमेंट आणि होमस्टे यांनी भरत चाललेलं. श्रीरंगपट्टणकडून येणाऱ्याला शहरात शिरावंच लागत नाही. उजवीकडे बाह्यवळण रस्ता धरायचा आणि हूटगळ्ळीवरून बोगादीच्या चौकात उतरायचं. दुपारी चारच्या आत पोचलात तर उजेडात घर सापडतं, गाडी सावलीत लागते, आजींना चहा मिळतो. आणि मग, खरी गोष्ट इथूनच सुरू होते, पुढचे दोन दिवस गाडीची किल्ली कपाटात ठेवायची. ज्याच्या हातात स्टिअरिंग असतं त्याला शहर दिसतच नाही. त्याला दिसतात सिग्नल, खड्डे आणि पुढच्या रिक्षाची पाठ. निम्म्या कुटुंबानं सहल पाहायची आणि एकानं ड्रायव्हरकी करायची, हा कुठला न्याय?

सकाळी लवकर उठून बोगादी रस्त्यानं शहराच्या दिशेनं निघालं, की थोड्याच अंतरावर झाडी दाट होते. हा म्हैसूर विद्यापीठाचा परिसर, मानसगंगोत्री. १९१६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या परिसराला हे सुरेख नाव दिलं कुवेंपूंनी. हे कन्नडचे थोर कवी काही काळ विद्यापीठाचे कुलगुरूही होते. कवीला कुलगुरू केलं की असं नाव मिळतं! इथंच भारतीय भाषा संस्थान आहे, १९६९ पासूनचं. देशभरातल्या भाषांचा अभ्यास इथून चालतो आणि या संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे. शेजारच्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयात एस. एल. भैरप्पा शिकवत होते. २०२५ साली ते गेले तेव्हा महाराष्ट्रातही घरचं माणूस गेल्यासारखं अनेकांना वाटलं, कारण उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांतून 'पर्व', 'वंशवृक्ष', 'आवरण' मराठी घरांत केव्हाच पोचलेली होती. 'वंशवृक्ष' वाचलेल्या आजींना इथून पंचवीसेक किलोमीटरवरचं नंजनगूड जरूर दाखवावं. कादंबरीतल्या श्रोत्रींचं घर तिथलं. कपिला नदीचा घाट पाहून त्यांना मुलांना सांगण्यासारखं बरंच आठवेल.

याच परिसरात आणखी एक संस्था आहे आणि तिच्या दाराशी उभ्या असलेल्या गाड्या सहलीच्या नसतात. ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, १९६५ साली सुरू झालेली. ज्या बाळाला ऐकू येत नाही, जे मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही, ज्याची जीभ शब्दाशब्दाला अडते, अशांना घेऊन देशभरातून आई-वडील इथं येतात. तपासण्या एका दिवसात आटपत नाहीत. मग आसपास कुठंतरी खोली घेऊन राहायचं, सकाळी नंबर लावायचा, दुपारी थांबायचं. त्यांनाही हे शहर अनोळखीच असतं, फक्त त्यांच्या हातात यादी नसते. अशी मंडळी म्हैसूर वेगळ्या टोकाकडून ओळखू लागतात. कुठला दवाखाना रविवारी उघडा, कुठल्या खानावळीत मऊ भात, कुठल्या दुकानात लहान मुलाचं दूध. राजवाडा बघायचा राहून गेला तरी त्यांना म्हैसूर अधिक कळलेलं असतं, असं म्हटलं तर चूक होणार नाही. आपल्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर एवढं करावं: थांबण्याच्या दुपारी मुलाला घेऊन जवळच्या तळ्यावर जावं. त्यासाठी लांब जावं लागत नाही.

ते तळं म्हणजे कुक्करहळ्ळी. १८६४ साली तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या काळात बांधलेलं. काठानं पायवाट आहे, पूर्ण फेरी साधारण पाच किलोमीटरची. पाण्यावर झोळीदार चोचीचे पेलिकन येतात, झाडांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. सातवीतल्या मुलाला राजवाड्यापेक्षा हे आवडण्याची शक्यता जास्त. काठावर पहाटे म्हैसूरकर फिरायला येतात. आर. के. नारायण यांची ही नेहमीची वाट होती. मालगुडी नकाशावर कुठंच नाही, पण ते सुचलं ते या शहराच्या आसऱ्यानं. यादवगिरीतलं त्यांचं घर पाडायला काढलं होतं. ते वाचलं आणि २०१६ पासून तिथं संग्रहालय झालं. धाकटा भाऊ मात्र आपला. आर. के. लक्ष्मण यांचा जन्म म्हैसूरचा, १९२१ चा. शिक्षण इथल्याच महाराजा कॉलेजात. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मागितला आणि जे. जे.नं तो नाकारला! पुढं याच माणसाच्या 'कॉमन मॅन'चा पुतळा वरळीच्या समुद्रकाठी उभा राहिला. २०१५ साली लक्ष्मण गेले ते पुण्यात. म्हैसूरनं महाराष्ट्राला एवढी मोठी देणगी दिली. त्या मानानं त्यांच्या गावात दोन दिवस पायी फिरणं फार नाही.

शहरात जायला बोगादीहून सिटी बस मिळते. ती राजवाड्याजवळच्या सिटी बस स्टँडला जाते. बाहेरगावच्या गाड्यांचा स्टँड वेगळा आहे, घोटाळा करू नये. बसमध्ये आईंनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली बायकांचा प्रवास फुकट आहे, पण फक्त कर्नाटकात राहणाऱ्यांचा. शेजारच्या बाईला शून्य रुपयांचं तिकीट मिळालेलं पाहून आपणही हात पुढं करू नये. कंडक्टर ओळखपत्र मागतो आणि सगळी बस बघते.

भाषेची भीती बाळगू नये, पण दहा-बारा शब्द पाठ करावेत. 'एल्लि' म्हणजे कुठं, 'एष्टु' म्हणजे किती, 'बेकु' हवं, 'बेडा' नको, 'साकु' पुरे. 'एडक्के' डावीकडे, 'बलक्के' उजवीकडे. आजींसाठी 'बिसि नीरु', म्हणजे गरम पाणी. तसं पाहिलं तर आपण जन्मापासून थोडं कन्नड बोलतोच आहोत. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपल्याकडे कन्नडातूनच आले असं अभ्यासक सांगतात, आणि पंढरीच्या विठोबाला तर संतांनीच कानडा म्हटलंय. एक बारीक सूचना. बेळगाव-धारवाडकडे ऐकलेलं 'हौद्री', 'बर्री' इथं म्हटलंत, तर समोरचा हसेल. ते 'री' उत्तर कर्नाटकाचं. म्हैसूरचं कन्नड मऊ, लांबवलेलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या माणसाला पुण्यात जसं ओळखतात, तसं इथंही आहे म्हणा ना!

बस स्टँडवरून पुढं सगळं पायी. के. आर. सर्कलला संगमरवरी छत्रीखाली नाल्वडी, म्हणजे चौथे, कृष्णराज वडियार उभे आहेत. तिथून निघणाऱ्या मुख्य रस्त्याची पाटी वाचून मराठी माणूस थबकतोच: सय्याजीराव रोड. हो, तेच. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. मालेगावजवळच्या कवळाणे गावात शेतकरी घरात जन्मलेला गोपाळ, दत्तक जाऊन बडोद्याचा महाराजा झाला, आणि त्याच्या नावाचा रस्ता कुठं, तर म्हैसूरच्या मध्यभागी! विजयादशमीला सोन्याची अंबारी घेतलेला हत्ती राजवाड्यातून निघतो तो याच रस्त्यानं बन्नीमंटपाकडे जातो. लाखो लोक पाहतात. आजींना इथं एक फोटो काढू द्यावा. नंदीसमोरच्या फोटोपेक्षा हा जास्त आपला आहे.

याच रस्त्यावर देवराज मार्केट. शंभर वर्षांहून जुना हा बाजार. २०१६ साली त्याच्या इमारतीचा एक भाग कोसळला आणि दुरुस्ती करायची की पाडून नवी बांधायची, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. पण म्हैसूरची तीन नावं बाजाराशी जोडलेली आहेत ती कायम: म्हैसूरचा मोगरा, म्हैसूरचं विड्याचं पान आणि नंजनगूडचं रसबाळे केळं. मोगऱ्याचा गजरा इथं हातावर मोजून देतात, मूठ ते कोपर अशी 'मोळ'. आईंनी 'एष्टु' म्हणून पाहावं. जवळच म्हैसूर पाकाचं जुनं दुकान आहे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातले आचारी काकासुर मादप्पा यांनी हा पदार्थ पहिल्यांदा केला असं सांगतात, आणि त्यांच्या वंशजांचं हे दुकान. गरम असताना तिथंच उभं राहून खावा. घरी नेलेला तो घरी नेलेलाच.

डोशाबद्दल एक खुलासा करायला हवा. मुंबईच्या गाडीवर लोण्यात भाज्या चिरडून जो 'म्हैसूर मसाला' देतात, तो म्हैसुरात शोधू नये. इथला डोसा आतून लाल चटणी लावलेला असतो. नजरबादच्या छोट्या हॉटेलांत तर लोण्याचा गोळा ठेवलेला मऊसूत डोसा मिळतो, कुरकुरीत नाहीच. मुलगा नाक मुरडेल आणि तिसरा मागवेल.

साडीचा विषय निघणारच. म्हैसूर सिल्क सरकारी कारखान्याचं घ्यायचं असेल, तर मानंदवाडी रस्त्यावर केएसआयसीचा कारखाना आणि दुकान आहे. १९१२ पासून इथं रेशीम विणलं जातं. खऱ्या साडीवर तिचा स्वतंत्र क्रमांक विणलेला असतो आणि होलोग्राम असतो. रिक्षावाला 'चलो, फॅक्टरी औटलेट' म्हणून दुसरीकडे नेऊ लागला, तर 'बेडा' हा शब्द तिथं कामाला येतो.

आता राजवाड्याबद्दल. तो बघायचाच, पण त्यावर इथं फार लिहायचं कारण नाही, सगळेच लिहितात. जुना लाकडी वाडा १८९७ साली राजकन्येच्या लग्नाच्या गडबडीत जळाला, हेन्री आयर्विनच्या आराखड्यानं आजचा १९१२ साली पुरा झाला. रविवारी आणि सरकारी सुटीच्या दिवशी संध्याकाळी सुमारे लाखभर दिवे लागतात. ते पाहता येतील असा वार साधून मुक्काम ठरवावा. चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून भर दुपारी जाऊ नये.

खरा वेळ काढावा तो त्यामागच्या जगनमोहन पॅलेससाठी. तिसऱ्या कृष्णराजांनी १८६१ साली बांधलेला हा महाल पुढं चित्रसंग्रहालय झाला. राजा रविवर्म्याची चित्रं इथं आहेत म्हणून लोक येतात, आणि परतताना ज्याची चर्चा करतात ते चित्र रविवर्म्याचं नसतं! हातात समई नव्हे, साधी निरांजनासारखी दिवली धरलेली तरुणी. दुसऱ्या हाताच्या आडोशानं ज्योत सांभाळलेली. बोटांच्या कडांतून प्रकाश झिरपतो, चेहरा आणि साडीची कड उजळते. बघणाऱ्याला आधी वाटतं, चित्रामागं कुणीतरी खरा दिवा लावलाय. 'ग्लो ऑफ होप' या नावानं हे चित्र कॅलेंडरांवर, दिवाळीच्या भेटकार्डांवर हजारदा छापलं गेलं, आणि बरेचदा रविवर्म्याच्या नावावर.

ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. जन्म सावंतवाडीचा, १८८२ चा. जे. जे.मध्ये शिकले, १९०८ साली मुंबईत स्वतःची कलाशाळा काढली. हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास केलं, तेही जलरंगात. जलरंगात चूक झाली की खोडता येत नाही. तैलरंगात वरून दुसरा थर देता येतो, इथं कागदाचा पांढरेपणाच प्रकाश म्हणून राखून ठेवावा लागतो, आणि तो कुठं राखायचा हे पहिला ब्रश टेकवण्याआधी ठरलेलं असावं लागतं. दिवा धरून उभी राहिलेली ती मुलगी म्हणजे हळदणकरांची लेक गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. चित्रातली ती तरुणी म्हैसूरच्या भिंतीवर कायमची विशीत राहिली आणि खऱ्या गीताबाई कोल्हापुरात म्हाताऱ्या होत होत्या. २०१८ च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी, त्या कोल्हापुरातच गेल्या.

पुण्याहून म्हैसूरला निघालेली गाडी कोल्हापूरवरूनच जाते. चित्राखाली लिहिलेलं नाव मोठ्यानं वाचून दाखवावं. शेजारी उभं राहून कुणी 'रविवर्म्याचं आहे' असं सांगत असेल, तर त्याला नम्रपणे दुरुस्तही करावं.

तिसऱ्या दिवशी किल्ली कपाटातून काढायची आणि श्रीरंगपट्टणला जायचं. कावेरीच्या दोन फाट्यांमधलं हे बेट म्हैसूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. रंगनाथाचं देऊळ, टिपूचा दर्या दौलत महाल, तो जिथं पडला ती जागा. ४ मे १७९९. इथंही मराठी पावलं आहेत, फक्त ती फौजेची आहेत. येताना ज्या पांडवपुऱ्यावरून गाडी आली, त्याच्याच आसपास, चिनकुरळीजवळ, १७७१ साली त्रिंबकराव पेठ्यांच्या फौजेनं हैदरअलीचा दणदणीत पराभव केला होता. १७९२ साली कॉर्नवॉलिसनं या बेटाला वेढा घातला तेव्हा हरिपंत फडके आपली फौज घेऊन त्याच्या बरोबर होते, निजामही होता. टिपूला अर्धं राज्य आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. मराठ्यांच्या वाट्याला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख आला. शाळेच्या पुस्तकातली ही नावं त्याच मातीवर उभं राहून ऐकली, तर सातवीतल्या मुलाला पाठ करावी लागत नाहीत.

पण त्यातला एक भाग पुस्तकात सहसा नसतो, आणि तो सांगायचा असेल तर परतीचा रस्ता शृंगेरीवरून घ्यावा. हासन, चिक्कमगळूर करत डोंगरातून हा रस्ता जातो. तुंगेच्या काठी आद्य शंकराचार्यांच्या परंपरेचा मठ, शेजारी चौदाव्या शतकातलं विद्याशंकराचं देऊळ. १७९१ साली, याच मोहिमेच्या धामधुमीत, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या स्वारांनी हा मठ लुटला. माणसं मारली गेली, शारदेची मूर्ती हलवली गेली, स्वामींना कारकळला आसरा घ्यावा लागला. स्वामींनी मदत मागितली ती टिपूकडे. त्यानं पैसे आणि साहित्य पाठवून मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना करायला साह्य केलं. मलबारात आणि कोडगूत त्यानं काय केलं हा वेगळा आणि कडवट अध्याय आहे, तो यानं पुसला जात नाही. पण शृंगेरीपुरतं जे घडलं ते असं घडलं. टिपूनं स्वामींना लिहिलेली कन्नड पत्रं, जवळपास तीस, मठातच जपलेली होती. १९१६ साली म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांनी ती उजेडात आणली.

हे मुलांना सांगावं का, असं आजी विचारतील. सांगावं. सयाजीरावांचा रस्ता आणि हळदणकरांचा दिवा जितक्या कौतुकानं दाखवला, तितक्याच सरळपणे सांगावं. लपवलेलं मुलं मोबाइलवर शोधतातच, आणि तिथं ते जास्त भडक करून मिळतं.

घाटाच्या पायऱ्यांवर बसलं, की तुंगेच्या पाण्यात मोठाले मासे काठापर्यंत येतात. त्यांना कुणी पकडत नाही. मुलगा तिथून लवकर उठणार नाही. तरी दुपारी दोनच्या आत निघावं. तीर्थहळ्ळीवरून शिवमोग्यापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा आहे, पावसाळ्यात धुकं उतरतं. शिवमोग्यात मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी हावेरीपाशी पुन्हा पुण्याचा महामार्ग धरावा. गाडी आळीपाळीनं चालवावी. आई चालवत असतील, तर बाबांनी शेजारी बसून ब्रेक दाबल्यासारखे पाय हलवू नयेत.